तलवार कमरेला, पण भार डाव्या हातावर

मथुरेच्या सरकारी संग्रहालयात कुषाण सम्राट कनिष्काचा पुतळा आहे. १९११ साली मथुरेजवळच्या माट गावी तो सापडला. शिर गेलेले आहे, तरी कोण उभे आहे ते ओळखायला शिर लागत नाही. घेरदार अंगरखा, पायांत जाड बूट, उजव्या हाताखाली गदा आणि डावा हात तलवारीच्या मुठीवर. पुतळा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला मानतात. त्याच्याकडे पाहताना माझी नजर दर वेळी त्या डाव्या हातावर जाते. तलवार उजव्या हाताने चालवतात, पण ती अंगावर बाळगायचे काम डाव्या हाताचे असते. कमरेला तलवार लावण्याच्या जितक्या रीती निघाल्या, त्या सगळ्या या एका हाताला मोकळीक द्यायला किंवा त्याला कामाला लावायला निघाल्या, असे माझे मत आहे.

कुषाणांच्या काळी लांब तलवार एकाच जागी अडकवलेली असे. म्यानाच्या बाहेरच्या अंगाला एक उभी खोबण बसवायची आणि कमरेचा पट्टा तिच्यातून ओवून घ्यायचा. हान काळातल्या चीनमध्ये ही खोबण जेड दगडाची करत. तिथून गवताळ प्रदेशातल्या घोडेस्वारांबरोबर ती कुषाणांकडे आणि पुढे इराणात गेली. सोय मोठी होती, पण तलवार सरळ खाली लोंबे आणि घोडा दौडू लागला की हेलकावे खाई. मग हात मुठीवर ठेवावाच लागे.

सहाव्या शतकाच्या आसपास मध्य आशियातल्या स्वारांनी म्यानाला एकाऐवजी दोन जागी धरले. एक कडी म्यानाच्या तोंडाजवळ, दुसरी वीतभर खाली. पुढचा पट्टा आखूड, मागचा लांब. एवढ्यानेच तलवार तिरकी झाली, मूठ पुढे आली, टोक मागे गेले. पोटरीवर आपटणारे म्यान घोड्याच्या अंगाला समांतर राहू लागले. बायझंटाइन, इराणी, चिनी, जपानी, सगळ्यांनी ही युक्ती उचलली. तलवारींच्या इतिहासात पोलादाची चर्चा फार होते आणि या दोन कड्यांकडे कुणी बघत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते. घोड्यावरून लांब तलवार नीट वागवता आली त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडची वाकडी तलवार याच घराण्यातली. लाकडी म्यान, वर चामडे किंवा मखमल, तोंडाला मुहनाळ आणि टोकाला तहनाळ ही धातूची टोपणे, आणि कड्यांतून गेलेले पडदळे, म्हणजे तलवार अडकवायचा पट्टा. पडदळे उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला येते किंवा कमरेच्या पट्ट्यालाच जोडलेले असते. पण प्रत्येक म्यानाला कड्या नसत. साधे चामडी म्यान शेल्यात किंवा कमरबंदात खोचायचे, नाहीतर सरळ हातात धरून चालायचे. जुन्या चित्रांत कितीतरी माणसे म्यानासकट तलवार हातात घेऊन बसलेली दिसतात. दांडपट्ट्याची गोष्ट वेगळी. कोपरापर्यंत येणारा खोबळा आणि लवणारे लांब पाते असलेले ते शस्त्र कमरेला लावण्याजोगे नव्हेच. २०२४ साली महाराष्ट्राने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हापासून शिवजयंतीला मुलांच्या कमरेला दांडपट्टा बांधायचा प्रयत्न मी पाहतो. तो हातातच शोभतो.

जपानमध्ये मात्र उलटी वाट धरली गेली. तिथल्या घोडेस्वार सामुराईंची ताची ही तलवार दोन दोऱ्यांवर, धार खाली करून लटके. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांत लढाई पायदळाच्या हाती गेली, आणि धार वर करून कमरेच्या ओबी पट्ट्यात सरळ खोचलेली कटाना रुळली. लटकवणे गेले, खोचणे आले. धार वर असल्यामुळे उपसता उपसताच वार बसतो. इथे डावा हात पूर्ण भागीदार झाला: अंगठा तलवारीची चकती पुढे ढकलून पाते मोकळे करतो, आणि उजवा हात मूठ ओढत असताना डावा म्यान मागे खेचतो. कारागीर आपले नाव पात्याच्या शेपटीवर, तलवार कमरेला असताना बाहेरून दिसेल त्या अंगाला कोरत. त्यामुळे मुठीत दडलेल्या त्या नावावरून आजही जाणकार सांगतात की हे पाते ताची म्हणून घडले की कटाना म्हणून. १८७६ च्या मार्चमध्ये मेइजी सरकारने उघडपणे तलवार लावण्यावर बंदी घातली. सैनिक, पोलीस आणि दरबारी समारंभ तेवढे वगळले. आज इआइदो, म्हणजे तलवार उपसण्याची जपानी कला, शिकणारे ओबीत कटाना खोचूनच सराव करतात, आणि पहिले धडे डाव्या अंगठ्याचे असतात.

आता ज्याला डावा हातच उरला नाही, त्याने काय करायचे? हा प्रश्न आपल्याच भूमीवर पडला. ३१ ऑगस्ट १८५८, पिलीभीतजवळचे सीरपुरा. १८५७ च्या उठावाचे सैनिक तोफ लावून बसले होते. पंजाबी रिसाल्याचा कॅप्टन सॅम्युअल ब्राउन एका सवाराला सोबत घेऊन नऊ पौंडी तोफेवर चालून गेला. तोफ पुन्हा भरू नये म्हणून तो गोलंदाजांशी झुंजत असताना एक वार डाव्या गुडघ्यावर बसला आणि दुसऱ्याने डावा हात खांद्यापासून तुटला. तो आपला शत्रू होता, आणि तोफेपाशी पाय रोवून उभ्या राहिलेल्या त्या गोलंदाजांची नावे कुठल्या पदकावर नाहीत. ब्राउनला मात्र व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि पुढे तो जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढला.

त्या काळी इंग्रज अधिकाऱ्याची तलवारही दोन पट्ट्यांवर लोंबत असे. चालताना म्यान डाव्या हाताने सावरायचे, उपसताना त्याच हाताने आवळून धरायचे. ब्राउनला दोन्ही अशक्य. त्याने रुंद, जाड चामड्याचा कमरपट्टा करून घेतला आणि म्यान लोंबते न ठेवता चामड्याच्या खोळीत घट्ट बसवले. तलवारीच्या वजनाने पट्टा डावीकडे खाली ओढला जाऊ नये म्हणून उजव्या खांद्यावरून एक तिरपा पट्टा आणून डाव्या कमरेला अडकवला. उजव्या बाजूला पिस्तुलाची पिशवी. एका हाताने सगळे साधले. दोन्ही हात धड असलेल्या अधिकाऱ्यांनाही ती सोय पटली. आधी हिंदुस्थानातल्या फौजेत आणि १९०० च्या सुमारास अधिकृतपणे ब्रिटिश सैन्यात ‘सॅम ब्राउन बेल्ट’ आला, मग जगभर पसरला. गंमत अशी की तोवर घोडदळाने तलवार कमरेवरून काढून खोगिराला बांधायला सुरुवात केली होती.

तो तिरपा पट्टा आजही आपल्या लष्करी आणि पोलीस अधिकाऱ्यांच्या छातीवर संचलनाला दिसतो. बहुतेक वेळा त्याखाली तलवार नसते. रोजच्या जगण्यात कमरेला पाते बाळगण्याची अखंड परंपरा शिखांनी जपली आहे. कृपाण गातरा नावाच्या पट्ट्यात असते, आणि गातरा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला येतो. भारतातल्या देशांतर्गत विमानांत सहा इंचांपर्यंत पात्याची, एकूण नऊ इंचांची कृपाण अंगावर ठेवून शिखांना प्रवास करता येतो.

आमच्या पेठेतल्या शिवजयंतीला मुलांना पोशाख चढवण्याचे काम माझ्याकडे असते. भाड्याच्या तलवारींच्या म्यानांना कड्या दोन असतात, पण दोन्हींतून एकच दोरी काढून ती कमरेला एका जागी बांधलेली असते. मग तलवार उभी लोंबते आणि दहा पावलांत पायांत येते. मी आता दोन वेगळ्या दोऱ्या बांधतो: पुढची चार बोटे, मागची चांगली हातभर. गेल्या वर्षी मावळा झालेला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा मिरवणुकीला उशीर झाला म्हणून देवळाच्या पायऱ्या धावत चढला. त्याला कुणी शिकवले नव्हते, तरी डावा हात मुठीवर गेला, मूठ खाली दाबली गेली, मागचे टोक उचलले गेले आणि म्यान एकाही पायरीला लागले नाही.