समुपदेशक–सल्लार्थी नाते (सातारा–सांगली परिसर)

मानसिक अडचणीत सापडलेली व्यक्ती आणि तिला मदत करण्याचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती यांच्यात ठरलेल्या वेळी, ठरलेल्या हेतूने आणि गोपनीयतेच्या अटीवर जुळणारे नाते. ते मैत्रीसारखे दिसले तरी मैत्री नसते, कारण त्यात एकाच बाजूचे दुःख बोलले जाते. मराठी संज्ञेने या विषयात थोडा घोटाळा केला आहे. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ आहे आणि बहुतेक पद्धती सर्वांत आधी बंदी घालतात ती उपदेशावर. ‘सल्लार्थी’ म्हणजे सल्ला मागायला आलेला. हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा कुणी वापरत नाही. साताऱ्यात किंवा सांगलीत दाराबाहेरच्या बाकड्यावर बसलेला माणूस ‘पेशंट’ असतो, फार तर ‘क्लायंट’.

या नात्याकडे पाहण्याच्या दृष्टी निरनिराळ्या आहेत. सिग्मंड फ्रॉइड यांच्या मते रुग्ण आपल्या जुन्या नात्यांतले, विशेषतः आईवडिलांविषयीचे राग-लोभ नकळत उपचारकावर टाकतो; या भावसंक्रमणाचा उलगडा करणे हेच मनोविश्लेषणातले मुख्य काम. कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांनी तज्ज्ञाचे आसनच खाली आणले. समानुभूती, अंतर्बाह्य खरेपणा आणि विनाअट स्वीकार या समुपदेशकाच्या वृत्ती माणसात बदल घडवायला पुरेशा असतात, असे त्यांनी १९५७ च्या प्रसिद्ध निबंधात मांडले. रॉजर्सच्या रीतीने समोरच्याची भावना आपल्या शब्दांत परत सांगायची असते. ‘म्हणजे भावानं बांध कोरला याचं तुम्हाला फार लागलं,’ असे म्हटले की इकडचा शेतकरी हमखास म्हणतो, ‘मग, तेच तर सांगतोय की मघापासनं.’ पद्धत फसली असे नवशिक्याला वाटते. खरे तर इथेच ती लागू पडलेली असते.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत अधिक वादप्रिय आहे. मराठी मुलखात ती रुजवण्यात मुंबईचे कि. मो. फडके यांचा वाटा मोठा. माणसाला प्रसंग दुखवत नाही, प्रसंगाविषयीचा हट्टी आग्रह दुखवतो, हे तिचे सूत्र. मराठीत हा आग्रह एका अक्षरात मावतो. ‘पोरगा पास झाला पाहिजे’ ही इच्छा, आणि ‘पोरगा पास झालाच पाहिजे’ हे दुखणे. तो ‘च’ पकडून देणे हे समुपदेशकाचे काम. आरन बेक यांची बोधात्मक उपचारपद्धती याच कुळातली, पण तिचा सूर वादाचा नसून दोघांनी मिळून पुरावा तपासण्याचा असतो.

पद्धतींच्या या भांडणावर एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये एक व्यवहारी तोडगा दिला. पद्धत कोणतीही असो. साध्य काय, त्यासाठी करायचे काय याबद्दल दोघांचे एकमत हवे आणि मधे जिव्हाळ्याचा धागा हवा. याला ‘कार्यसख्य’ म्हणता येईल. क्रिस्टोफ फ्ल्युकिगर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २९५ अभ्यास, म्हणजे ३०,००० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा सख्य आणि गुण येणे यांचा सहसंबंध सुमारे ०.२८ निघाला (शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध). आकडा छोटा वाटतो. पण तो पद्धतींची सीमा ओलांडून पुन्हा पुन्हा दिसतो.

सातारा–सांगलीत हे सख्य जुळते ते या भागाच्या रीतीने. ‘मला नैराश्य आले आहे’ असे वाक्य घेऊन कुणी येत नाही. छातीत धडधडतंय, झोप लागंना, काय सुधरंना झालंय, अशी सुरुवात होते. त्याआधी फॅमिली डॉक्टर आणि अनेकदा देवऋषीही होऊन गेलेला असतो. संबोधन पहिल्या पाच मिनिटांत ठरते. तरुण समुपदेशिकेला पुरुष ‘मॅडम’ म्हणतात, म्हाताऱ्या बायका थेट ‘पोरी’ म्हणतात आणि तुझं लग्न झालं का, माहेर कुठलं, हेही विचारतात. पाश्चात्त्य पुस्तके अशा वेळी प्रश्न परतवायला शिकवतात. इथे गावाचे नाव तरी सांगावेच लागते, नाहीतर म्हातारी पुढचे बोलत नाही.

सातारा जिल्ह्यात सज्जनगड आहे, माण तालुक्यात गोंदवले आहे. अडचणीत माणसाने गुरूच्या पायाशी जावे ही सवय पिढ्यांची. मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये गुरु–चेला नाते हा उपचाराचा भारतीय नमुना ठरू शकेल असे सुचवले होते. ‘तुम्ही सांगाल तसं करतो’ हे वाक्य त्याच परंपरेतून येते. ते धुडकावून लावले तर माणूस दुखावतो आणि स्वीकारले तर समुपदेशकाचा महाराज होतो. अनुभवी समुपदेशक सुरुवातीला तो अधिकार थोडा वापरतात आणि मग हळूहळू काढून घेतात.

दुसरा पेच आलेला आणि आणलेला यांतल्या फरकाचा. दारू पिणाऱ्याला भाऊ, मेहुणा आणि सरपंच मिळून गाडीत घालून आणतात. फी भाऊ देतो, बोलतोही भाऊच. मग सल्लार्थी कोण? मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेल्या नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’ व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, त्यामुळे इथल्या अनेक घरांची समुपदेशनाशी पहिली ओळख व्यसनाच्या निमित्ताने झाली. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली प्रेरणादायी मुलाखतीची पद्धत अशा आणलेल्या माणसासाठी विशेष उपयोगी आहे. त्याला दोष न देता, दारू सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून काढायची. नातेवाइकांना मात्र ही पद्धत पटत नाही. ‘जरा खडसावा की डॉक्टर,’ ही त्यांची मागणी कायम असते.

लहान शहरात गोपनीयता राखणे अवघड. एसटी स्टँडवर कुणीतरी पाहतेच, आणि समुपदेशिका नेमकी चुलत जावेची मैत्रीण निघते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) कलम २३ अन्वये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क देतो. कुणाच्या जिवाला धोका असेल तर त्याला अपवाद आहेत. बालकावरील लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो कायद्यानुसार (२०१२) पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा (१४४१६) ओळखीच्या डोळ्यांना चुकवू पाहणाऱ्यांच्या सोयीची आहे, पण एका खोलीच्या घरात फोनवर तरी कुठे बोलायचे?

तज्ज्ञ आणि गरजू हे अंतरच नको, असाही एक प्रवाह आहे. सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ या संस्थेने एचआयव्ही प्रतिबंधाचे काम देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्याच हाती दिले, त्यातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत अल्प प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्य कमी केल्याचा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

नाते संपवण्याची वेळ येते तेव्हा पेढ्यांचा पुडा, बेदाण्याची पिशवी, घरची हळद टेबलावर येते. भेटवस्तू घेऊ नये असे नियम सांगतात. किलोभर हळद परत करणे मात्र अपमान ठरतो, म्हणून ती सहसा केंद्राच्या स्वयंपाकघरात जाते. मराठी माणूस निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्यामुळे शेवटची बैठक शेवटची आहे, हे दोन-तीन बैठका आधीच स्पष्ट सांगून ठेवावे लागते.