दिवाळीत दुबई-मालदीवला निघण्याआधी

ऑक्टोबर २०२१

नमस्कार,

दिवाळीच्या सुट्टीसाठी फोन पुन्हा वाजू लागलेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: तिकीट केवढ्याला पडेल? तिकिटाचं आम्ही बघतो. यंदा घोळ होतो तो कोरोना चाचणीच्या तासांच्या हिशेबात.

आपली नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा मार्च २०२० पासून बंद आहे. सध्या उडतात ती 'एअर बबल'ची विमानं, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवून सोडलेल्या मोजक्या फेऱ्या. त्यामुळे विमान चुकलं तर 'पुढच्याने जाऊ' म्हणायची सोय नाही.

दुबईसाठी आरटी-पीसीआर उड्डाणाआधीच्या ४८ तासांतली हवी, रिपोर्टवर क्यूआर कोड हवा. शिवाय मुंबई विमानतळावर शेवटच्या ६ तासांत रॅपिड पीसीआर, आणि तिकडे उतरल्यावर आणखी एक. बारा वर्षांखालच्या मुलांची यातून सुटका आहे. मालदीवला ९६ तास चालतात, फक्त निघण्याआधीच्या २४ तासांत त्यांच्या 'इमुगा' या सरकारी संकेतस्थळावर फॉर्म भरावा लागतो. परतताना ७२ तासांतला रिपोर्ट आपल्या सरकारच्या 'एअर सुविधा' संकेतस्थळावर चढवायचा. थोडक्यात, चार रात्रींच्या सहलीतली एक सकाळ नाकात काडी घालून घेण्यात जाणार, हे धरूनच चला.

आणि हे तास नमुना दिल्यापासून मोजतात, रिपोर्ट हातात आल्यापासून नाही. सकाळी आठला नमुना दिला आणि रिपोर्ट रात्री अकराला आला, तर पंधरा तास तिथेच संपले.

नावाचंही तसंच. आमच्या एका काकूंच्या पासपोर्टवर मधलं नाव यजमानांचं, रिपोर्टवर ते गायबच. काउंटरवरून रात्री दीडला लॅबला फोन करून दुरुस्त पीडीएफ मागवली, तेव्हा कुठे बोर्डिंग पास मिळाला. यात चूक आमचीही होती, लॅबला पासपोर्टची झेरॉक्स दिलीच नव्हती. आता आठवणीने देतो. लसीच्या प्रमाणपत्राला कोविनवर पासपोर्ट क्रमांक जोडून घ्या. त्यावर पूर्ण जन्मतारीखही आता घेता येते. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांनी मात्र आधी आमच्याशी बोलावं, जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता अजून आलेली नाही.

आता कोणी विचारत नाही तो प्रश्न. तिथे पॉझिटिव्ह आलात तर? काही त्रास नसला तरी दुबईत दहा दिवस खोलीत काढावे लागतात. विम्यात हॉस्पिटलचा खर्च असतो, हॉटेलचा असेलच असं नाही. एवढे जादा दिवस आणि पैसे हाताशी नसतील, किंवा घरी लग्न तोंडावर आलं असेल, तर आम्हीच सांगू की यंदा महाबळेश्वर बरं.

तिकीट तारीख बदलता येणारंच घ्या, थोडं महाग पडलं तरी. मालदीवने याच वर्षी १३ मे रोजी आपल्या पर्यटकांना दार बंद केलं, ते १५ जुलैला उघडलं. मधल्या दोन महिन्यांची बुकिंगं निस्तरताना आमच्या नाकी नऊ आले.

ऑफिसला येताना सगळ्यांचे मूळ पासपोर्ट आणि प्रमाणपत्रांच्या प्रिंट आणा. मोबाइलमधल्या फोटोत स्पेलिंग धड दिसत नाही.