लुइझियाना : गाळाने घडवलेले राज्य

आपल्याकडे नदी खोऱ्याच्या तळाशी असते. गाव वर, शेते उताराला आणि पात्र सर्वांत खाली. दक्षिण लुइझियानात हे उलटे आहे. तिथे मिसिसिपीचा काठ हीच सर्वांत उंच जमीन, आणि नदीकडे पाठ करून चालू लागले की आपण हळूहळू उतरत दलदलीत पोहोचतो. पुराचे पाणी काठावरून पसरले की त्याचा वेग एकदम मोडतो. जड रेती आणि जाडसर गाळ काठाशीच बसतो, बारीक चिकणमाती मात्र दूर वाहत जाते. हजारो पुरांनी असे थर चढवत काठ उचलून धरला. वस्ती, रस्ते, उसाची शेते आणि आजचे रासायनिक कारखाने याच अरुंद पट्ट्यांवर आहेत. हा उतार लक्षात घेतल्याशिवाय लुइझियानाचा इतिहास कळत नाही.

राज्याचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ४६ लाखांवर होती. पण अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेच्या सुमारे ४१ टक्के भूभागाचे पाणी याच राज्यातून समुद्राला मिळते. त्या पाण्याबरोबर आलेल्या गाळाने गेल्या सात हजार वर्षांत इथला त्रिभुज प्रदेश तयार केला. नदी मात्र एका जागी राहिली नाही. मुख पुढे सरकत गेले की प्रवाहाची लांबी वाढते आणि उतार मंदावतो. मग एखाद्या पुरात नदीला समुद्राकडे जाणारी जवळची वाट सापडते आणि ती तिकडे वळते. साधारण हजार ते दीड हजार वर्षांनी असे होत आले. बायू टेश आणि बायू लाफूर्श हे आजचे संथ ओहोळ पूर्वी मिसिसिपीचीच मुख्य पात्रे होती.

फ्रेंचांनी १६८२ मध्ये या मुलखावर हक्क सांगून त्याला चौदाव्या लुईचे नाव दिले आणि १७१८ मध्ये न्यू ऑर्लिन्स वसवले. जमिनीची वाटणी त्यांनी नदीला काटकोनात, लांबट पट्ट्यांत केली. मोजमाप ‘आर्पां’चे, एक आर्पां म्हणजे सुमारे ५८ मीटर. नदीकडची बाजू काही आर्पां रुंद आणि खोली बहुधा ४० आर्पां, म्हणजे सव्वादोन किलोमीटरच्या आसपास. यामुळे प्रत्येकाला नदीचा धक्का, थोडी उंच काळी जमीन आणि मागे दलदलीतले लाकूड मिळे. आपल्या हद्दीपुरता पूरबांध घालण्याची जबाबदारीही त्याच्यावरच असे. दोष इथेच होता. एकाने बांध कच्चा ठेवला की पाणी तिथून फुटून मागच्या बाजूने सगळ्यांच्या शेतात शिरे.

त्यानंतर सत्तांतरे झपाट्याने झाली. १७६२ मध्ये गुप्त तहाने हा प्रदेश स्पेनला गेला, १८०० मध्ये परत फ्रान्सकडे आला आणि १८०३ मध्ये नेपोलियनने तो दीड कोटी डॉलरना अमेरिकेला विकला. त्या खरेदीतले लुइझियाना आजच्या राज्यापेक्षा कितीतरी मोठे होते. थेट कॅनडाच्या सीमेपर्यंत पसरलेले, सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर. आजचे राज्य ३० एप्रिल १८१२ रोजी संघराज्यात अठरावे म्हणून आले. कायदा मात्र जुन्या वळणाचाच राहिला. इतर राज्ये इंग्रजी न्यायपरंपरेवर चालतात, लुइझियानाचे दिवाणी व्यवहार १८०८ आणि १८२५ च्या संहितांतून आलेल्या फ्रेंच-स्पॅनिश परंपरेवर. जिल्ह्याला इथे ‘काउंटी’ न म्हणता ‘पॅरिश’ म्हणतात, असे ६४ पॅरिश आहेत. लग्नानंतरच्या कमाईवर पती-पत्नीचा समान हक्क, आणि मृत्युपत्र करूनही मुलांना पूर्ण वगळता न येणे, या तरतुदी गोवेकरांना ओळखीच्या वाटतील, कारण गोव्यातला पोर्तुगीज नागरी कायदाही त्याच कुळातला. फरक असा की लुइझियानात हे वारसासंरक्षण आता बहुतांशी २४ वर्षांखालील किंवा कायम असमर्थ असलेल्या अपत्यांपुरतेच उरले आहे.

या राज्याचे भाग्य आणि पाप दोन्ही उसात आहेत. १७९१ मध्ये सँ-दोमिंग, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांनी बंड केले आणि जगातला सर्वांत मोठा साखर-मुलूख कोलमडला. तिथून आलेल्या जाणकारांच्या मदतीने १७९५ मध्ये एतिएन द बोरे यांनी न्यू ऑर्लिन्सजवळ उसाच्या रसापासून विक्रीयोग्य दाणेदार साखर काढून दाखवली. अडचण हवामानाची होती. आपला आडसाली ऊस १८ महिने उभा राहतो, तिथे दोन थंडींच्या मध्ये जेमतेम नऊ महिने मिळतात. लागण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. थंडीत वरचा फुटवा मरतो आणि वसंतात जमिनीखालच्या डोळ्यांतून ऊस पुन्हा वर येतो. एका लागणीवर साधारण तीन खोडवे घेतात. गाळप सप्टेंबरअखेरीस सुरू होऊन जानेवारीच्या सुरुवातीला संपवावे लागते. कडक हिम पडले की कांडीतल्या पेशी फुटतात, ऊन पडताच त्यात ल्यूकोनॉस्टॉक जिवाणू वाढतात आणि डेक्स्ट्रॅन नावाचा चिकट पदार्थ तयार होतो. असा रस गाळायला आणि निवळायला जड जातो, आणि साखर पाडण्याच्या पॅनमध्ये दाणा लांबट पडतो.

हंगाम एवढा तोकडा म्हणून राबवणूक अमानुष होती. गाळपात चरक आणि भट्ट्या रात्रंदिवस चालत. १८६० च्या जनगणनेत राज्याच्या ७,०८,००२ लोकांपैकी ३,३१,७२६ गुलामगिरीत होते. ऊसपट्ट्यात त्यांच्यातले मृत्यू जन्मांपेक्षा जास्त असत, आणि ही तूट नवी माणसे विकत आणून भरली जाई. जानेवारी १८११ मध्ये नदीकाठच्या मळ्यांतून शेकडो गुलाम न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने चालून गेले. ते बंड चिरडून अनेकांची शिरे नदीच्या बांधावर खांबांना लावली गेली. गुलामगिरी संपली तरी मजुरीचा प्रश्न सुटला नाही. १८८७ मध्ये थिबोडो इथे संपावरच्या ऊस मजुरांचे हत्याकांड झाले.

रस आटवण्याची पद्धत आपल्या गुऱ्हाळासारखीच होती. चुलवाणावर एक काहील असते, तशा तिथे एकाच भट्टीवर ओळीने चार-पाच उघड्या कढया. रस घट्ट होत जाईल तसा उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी एका कढईतून दुसरीत टाकायचा. भाजून माणसे जखमी होत, लाकूड अतोनात जळे आणि शेवटच्या कढईत साखर करपून काळी पडे.

ही पद्धत मोडली ती नॉर्बर्ट रिल्यू यांनी. त्यांचा जन्म १८०६ मध्ये न्यू ऑर्लिन्सचा. वडील गोरे, आई स्वतंत्र कृष्णवर्णीय. शिक्षण पॅरिसमध्ये. १८४३ मध्ये त्यांनी बहु-परिणामी बाष्पीभवन यंत्राचे पेटंट घेतले. त्यामागची कल्पना अशी : बंद भांडी ओळीने जोडायची आणि वाफ फक्त पहिल्या भांड्याला द्यायची. त्यातल्या रसातून उठणारी वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला. पुढच्या प्रत्येक भांड्यात दाब कमी ठेवल्यामुळे तिथला रस कमी तापमानाला उकळतो. शेवटच्या भांड्यात निर्वातामुळे रस ५५ अंशांच्या आसपासच उकळतो, म्हणून साखर करपत नाही.

हिशेब करून पाहावा. ब्रिक्स म्हणजे रसात शेकडा किती भाग विरघळलेले घन पदार्थ आहेत ते. १५ ब्रिक्सचा १०० किलो रस ६० ब्रिक्सच्या पाकापर्यंत न्यायचा तर ७५ किलो पाणी उडवावे लागते. एकाच भांड्यात हे केले तर ७५ किलोहून थोडी जास्त वाफ लागते, चार भांड्यांत सुमारे २० किलो पुरते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही साखर कारखान्याच्या इव्हॅपोरेटर विभागात उभे राहिलात तर हेच तत्त्व समोर चालू असते, बहुधा चार किंवा पाच भांड्यांत. बिघाडही ठरलेले. नळ्यांवर स्केल, म्हणजे क्षारांचा थर, बसले की उष्णता रसापर्यंत पोहोचत नाही. जोडातून हवा शिरली तर निर्वात घटतो, शेवटच्या भांड्याचे तापमान चढते आणि रंग बिघडतो. रस जोरात उसळला तर त्याचे थेंब वाफेबरोबर ती थंड करणाऱ्या कंडेन्सरमध्ये जातात आणि साखर पाण्यात जाते. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, वाचवून वीज विकणे कारखान्यांना आज परवडते, त्याच्या मुळाशीही हीच वाफेची बचत आहे. स्वतः रिल्यू यांना १८५० च्या दशकात, कृष्णवर्णीयांवरची बंधने आवळत गेल्यावर, फ्रान्सला परतावे लागले. १८९४ मध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले. आपल्या साखरपट्ट्यात हे नाव फार थोड्यांना माहीत आहे, याचे वाईट वाटते.

भारताशी आणखी एक धागा आहे. १९२० च्या दशकात मोझॅक रोगाने लुइझियानाचा ऊस जवळजवळ संपवला. आधी जावाच्या पीओजे जातींनी तो सावरला, आणि १९३० च्या दशकात कोइमतूरच्या को २८१ आणि को २९० या जाती तिथे शेतात आल्या. पुढच्या अमेरिकी संकरांत को २८१ चे रक्त उतरले. आज राज्यात सुमारे पाच लाख एकर ऊस उभा असतो.

नदीचा बंदोबस्त याच काळात बदलला. एकोणिसाव्या शतकात सैन्याच्या अभियंत्यांनी धोरण ठरवले की फक्त बांध घालायचे, पाण्याला दुसरी वाट द्यायची नाही. नदी कोंडली की ती स्वतःच तळ खरवडून खोल होईल, असा समज होता. प्रत्यक्षात पुराची पातळी चढत गेली. १९२७ मध्ये बांध असंख्य ठिकाणी फुटले, सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर मुलूख बुडाला आणि सहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले. न्यू ऑर्लिन्स वाचवण्यासाठी २९ एप्रिलला शहराच्या खालच्या अंगाला कारनार्व्हन इथला बांध सुरुंगाने उडवून सेंट बर्नार्ड आणि प्लाकमिन्स हे पॅरिश पाण्याखाली घातले गेले. वरच्या बाजूला बांध फुटल्याने शहरावरचा भार तसाही उतरणार होता. बुडवलेल्यांना भरपाई मात्र तुटपुंजी मिळाली.

धडा घेऊन १९३१ मध्ये बॉने कॅरे सांडवा बांधला गेला. त्याला ३५० गाळे आहेत आणि प्रत्येक गाळ्यात २० लाकडी तुळया उभ्या बसवलेल्या. शहरापाशी विसर्ग साडेबारा लाख क्युसेकच्या वर जाण्याची चिन्हे दिसली की क्रेनने तुळया एकेक करून उपसतात, आणि अडीच लाख क्युसेकपर्यंत पाणी पाँचरट्रेन सरोवरात सोडता येते. गोडे पाणी खाऱ्या सरोवरात गेल्याने शिंपल्यातल्या कालवांची पैदास मरते, म्हणून प्रत्येक उघडणीला विरोध होतो. २०१९ मध्ये हा सांडवा एकाच वर्षात दोनदा उघडावा लागला.

त्याहून नाजूक जागा ओल्ड रिव्हर ही. मिसिसिपीचे पाणी अचाफालाया नदीकडे फुटते ते इथे. १८३१ मध्ये कॅप्टन हेन्री श्रीव्ह यांनी बोटींची वाट कमी करण्यासाठी नदीचे एक वळण कापले. पुढे अचाफालाया नदीत अडकलेला लाकडांचा प्रचंड थर काढला गेला. मग पाणी तिकडे ओढले जाऊ लागले, कारण त्या वाटेने समुद्र सुमारे २२५ किलोमीटरवर आहे आणि मिसिसिपीच्या पात्रातून जवळपास ५००. नदी वळली असती तर न्यू ऑर्लिन्स आणि राजधानी बॅटन रूज सुस्त खाडीवर राहिली असती. १९६३ मध्ये इथे पाण्याची वाटणी करणारा दरवाजांचा नियंत्रक उभा राहिला. मिसिसिपी आणि रेड नदीचे मिळून जे पाणी येते, त्याचा ३० टक्के वाटा अचाफालायाला आणि ७० टक्के मिसिसिपीला. १९७३ च्या पुरात त्याची मार्गदर्शक भिंत कोसळली आणि पायाखाली मोठी पोकळी पडली. दगड ओतून तो वाचवला, १९८६ मध्ये शेजारी दुसरा नियंत्रक बांधला.

बांधांनी शहरे राखली, पण गाळ दलदलीपर्यंत पोहोचेना. मिसिसिपीची उपनदी मिझुरी हिच्यावरच्या धरणांनी गाळ आणखी घटवला. त्यात तेल आले. १९०१ मध्ये जेनिंग्जला पहिली विहीर लागली आणि नंतर कंपन्यांनी दलदलीत हजारो किलोमीटर कालवे खणले. खणलेली माती कडेला टाकली की पाणी सारखे पसरत नाही. कालव्यातून खारे पाणी आत येते, गोड्या पाण्यातले गवत मरते, मुळांनी धरलेली माती सुटते. १९३२ ते २०१६ या काळात किनाऱ्यावरची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली, त्या पट्ट्याच्या जवळपास पाव भाग. शहरांतही तेच. विसाव्या शतकात न्यू ऑर्लिन्सने मोठ्या पंपांनी दलदल उपसून वस्ती वाढवली, कुजकट माती सुकून खचली आणि शहराचा बराच भाग समुद्रसपाटीखाली गेला. २००५ मध्ये कॅट्रिना हे चक्रीवादळ आले तेव्हा सतराव्या स्ट्रीटच्या कालव्याची भिंत पाणी वरून न ओसंडताच सरकली, कारण तिचे पोलादी पत्रे कमकुवत मातीत पुरेसे खोल नव्हते.

नैसर्गिक वायूचा धागा थेट कोकणात येतो. एराथ गावात अनेक वायुवाहिन्या हेन्री हब या ठिकाणी मिळतात, आणि तिथल्या व्यवहारांवरून अमेरिकेतला वायूचा भाव ठरतो. गेल या भारत सरकारच्या वायू कंपनीने २०११ मध्ये केलेला २० वर्षांचा करार याच भावाच्या ११५ टक्के आणि वर तीन डॉलर अशा सूत्राचा आहे. लुइझियानातल्या साबीन पास या वायू-निर्यात बंदराहून निघालेले त्यातले पहिले जहाज ३० मार्च २०१८ रोजी दाभोळला लागले. लाटारोधक भिंत अपुरी असल्याने दाभोळचे वायू-टर्मिनल तेव्हा पावसाळ्यात बंद ठेवावे लागे.

खाण्यातही हेच मिश्रण आहे. १७५५ पासून कॅनडातून हाकललेले फ्रेंचभाषक अकेडियन इथे ‘केजन’ झाले. गंबो या इथल्या दाट रश्शाचे नाव भेंडीच्या आफ्रिकी शब्दावरून आले. त्याचा पाया रू : मैदा आणि चरबी समान घेऊन मंद आचेवर चॉकलेटी होईपर्यंत ढवळायचे. काळे ठिपके दिसले की करपले, ते टाकूनच द्यावे लागते. जितके गडद, तितका घट्टपणा कमी, म्हणून भेंडी किंवा इथल्या मूळनिवासी चोक्टॉ लोकांची सॅसाफ्रास झाडाच्या पानांची पूड, फिले, घालतात. ही पूड उकळत्या भांड्यात घातली तर तारा सुटतात, म्हणून भांडे उतरवल्यावरच घालायची.

किनारा परत मिळवण्यासाठी बांधात दार ठेवून गाळ पुन्हा दलदलीत सोडायचा, हा मिड-बाराटारिया प्रकल्पाचा बेत होता. २०२३ मध्ये काम सुरू झाले. तीन अब्ज डॉलरच्या आसपास गेलेला खर्च आणि कोळंबी-कालवांवर जगणाऱ्यांचा विरोध, यामुळे २०२५ मध्ये राज्याने तो सोडून दिला. पश्चिमेला वॅक्स लेकच्या मुखाशी मात्र, १९४० च्या सुमारास केवळ पूर ओसरवण्यासाठी कापलेल्या चरीतून आलेल्या गाळावर, १९७३ पासून नवी बेटे वर येत आहेत आणि त्यांवर विलोची झाडे वाढली आहेत.