सोलापूरहून शेजारदेशी: सांस्कृतिक दौऱ्यासाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

भैय्या चौकाजवळच्या डॉ. कोटणीस स्मारकाला चीनमधले पाहुणे अधूनमधून भेट देऊन जातात. जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं होतं. सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस त्या पथकात होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच त्यांचं निधन झालं. त्यांची समाधी हेबेई प्रांतातल्या शिज्याझुआंग शहरात आहे. आपणही कधीतरी तिथे जाऊन फुलं वाहावीत, आपलं लेझीम पथक काठमांडूला न्यावं, शाळेच्या मुलांना लुंबिनी दाखवावी, असं पुष्कळांच्या मनात असतं. गाडी अडते ती कागदपत्रांपाशी. पाच-दहा माणसांचा गट घेऊन शेजारच्या देशात जायचं तर काय काय लागतं, ते इथे सांगतो.

आधी ठरवा, कोण म्हणून जाताय

परवानगीचं सगळं गणित याच एका प्रश्नावर उभं आहे. पर्यटक म्हणून जाणाऱ्याचे कागद वेगळे, तिकडच्या संस्थेचा पाहुणा म्हणून जाणाऱ्याचे वेगळे आणि यात्रेकरूचे त्याहून वेगळे. पर्यटक व्हिसावर जाऊन तिकिटं लावून कार्यक्रम करणं, मानधन घेणं हे नियमात बसत नाही आणि त्याचा त्रास पूर्ण गटाला होतो. म्हणून दौऱ्यात काय करणार आहात ते पहिल्या बैठकीतच कागदावर लिहून काढा. कुणाला भेटणार, कुठे कला सादर करणार, खर्च कोण करणार हे त्यात असू द्या. पुढचे सगळे अर्ज याच कागदावरून भरले जातात.

पासपोर्ट: नावाचा घोळ आधी मिटवा

सोलापूरकरांना पासपोर्टसाठी पुण्याला खेपा घालायची गरज उरलेली नाही. शहरात पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ते पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतं. पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज भरायचा, शुल्क ऑनलाईन भरायचं, मिळालेल्या तारखेला मूळ कागद घेऊन हजर राहायचं. ३६ पानी साध्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये आहे. तत्काळ हवा असेल तर त्यावर आणखी २,००० रुपये लागतात. नंतर तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याकडून पडताळणी होते.

कागद फार नाहीत: पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा आणि दहावीचं प्रमाणपत्र. दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा पडतो. तो काही ठराविक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी असतो, पर्यटनाला त्याने अडत नाही. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. अल्पवयीन मुलांच्या अर्जाला आई-वडील दोघांचं संमतीपत्र जोडावं लागतं.

खरा गुंता नावात होतो, आणि आपल्या शहरात तो जरा जास्तच होतो. इथे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं शेजारी-शेजारी आहेत. तेलुगू घरांत आडनाव आधी लिहायची पद्धत आहे, कन्नड घरांत कधी गावाचं नाव आडनावाच्या जागी येतं. शाळेच्या दाखल्यावर नाव एका क्रमाने, आधारवर दुसऱ्या, बँकेच्या पासबुकात तिसऱ्या. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त पडलेलं असतं ते निराळंच. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची निम्मी कागदपत्रं माहेरच्या नावाने असतात. तेव्हा गटातल्या प्रत्येकाचे तीन कागद टेबलावर शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा. आधारमधली दुरुस्ती आधी, पासपोर्टचा अर्ज मग. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकाच्या नावातल्या चुकीपायी अख्ख्या गटाची तिकिटं लांबणीवर पडू शकतात.

पहिला दौरा नेपाळचा करा

माझं स्पष्ट मत आहे की पहिल्यांदाच गट नेणाऱ्यांनी नेपाळच निवडावा. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही. वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक पुरेसं आहे. मात्र प्रौढ माणसाला नुसत्या आधार कार्डावर विमानात बसता येत नाही. १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना आधार किंवा वय दाखवणारं फोटोचं दुसरं ओळखपत्र चालतं. १५ ते १८ वयाच्या विद्यार्थ्यांना मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र लागतं. शाळेच्या सहलीसाठी ही मोठीच सोय आहे. ते पत्र शाळेच्या लेटरहेडवर, फोटोवर शिक्का आणि सही घेऊन तयार ठेवा.

खुष्कीने जायचं तर कल्याणला गाडी बदलून गोरखपूर आणि तिथून सुनौली सीमा हा सरळ रस्ता आहे. सीमा ओलांडली की लुंबिनी तासाभरावर. नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते, त्यामुळे इथल्या बौद्ध उपासकांना या वाटेची ओढ असणारच. पण लुंबिनीहून मागे फिरू नका. तिथून वर डोंगरात पाल्पा जिल्ह्यातलं तानसेन गाव आहे. डोक्यावरच्या नेपाळी टोपीचं ढाका कापड विणणारं हे गाव. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिची नक्षी जकार्ड या यंत्र जोडलेल्या मागावर उमटते. तानसेनच्या हातमागावर रंगीत धागे आडवे ओवत बाई नक्षी कशी चढवते, ते आपल्या विणकरांनी मागाशेजारी बसून पाहावं. मग आपल्या चादरीचा एक तुकडा त्यांच्या हातात द्यावा. वीण बोटाने उलटसुलट करून बघताना दोन्हीकडच्या कारागिरांत जे बोलणं सुरू होतं, त्याला दुभाषा कमीच लागतो. अशा भेटीसाठी वेगळा अर्ज नसतो. तिथल्या विणकरांना किंवा नगरपालिकेला आधी पत्र पाठवून दिवस ठरवला की झालं.

पैशांबाबत दोन गोष्टी. नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी इकडे परकीय चलन मिळत नाही, आपलाच रुपया न्यायचा असतो. शंभराच्या नोटा जवळ ठेवल्या तर कुठेच अडत नाही. भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०, हा दर बांधलेला आहे. वाद्यं विमानाने नेणार असाल तर लेझीम, झांजा, टाळ चेक-इन सामानात टाका. साखळीची लोखंडी लेझीम हातातल्या पिशवीत सुरक्षा तपासणीतून सुटणार नाही. महागडा कॅमेरा किंवा ध्वनियंत्रणा सोबत असेल तर निघतानाच विमानतळावरच्या सीमाशुल्क कक्षातून निर्यात प्रमाणपत्र घ्या. नाहीतर परत येताना ती वस्तू तिकडेच घेतली की काय, अशी विचारणा होऊ शकते.

भूतान आणि श्रीलंका

भूतानलाही पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, पण प्रवेश परवाना काढावा लागतो आणि शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. भारतीयांना ते माणशी दर रात्री १,२०० रुपये आहे. ६ ते १२ वयाच्या मुलांना निम्मं, त्याखालच्यांना माफ. वीस प्रौढांचा गट पाच रात्री राहिला तर नुसतं शुल्कच १,२०,००० रुपये होतं, तेव्हा वर्गणी ठरवतानाच ते धरा. मुलांचा पासपोर्ट नसेल तर इंग्रजीतला जन्मदाखला न्या.

श्रीलंकेला पासपोर्ट हवाच, आणि निघण्याआधी ईटीए ही ऑनलाईन प्रवास परवानगी घ्यावी. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी.

चीन: डॉ. कोटणीसांच्या वाटेने

इथे कागद जास्त लागतात, पण वाट स्पष्ट आहे. महाराष्ट्रातल्या अर्जदारांसाठी चीनचा वाणिज्य दूतावास मुंबईला आहे. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघालं की सकाळी मुंबईत काम उरकता येतं.

नुसतं फिरायला जाणाऱ्यांचा 'एल' व्हिसा, तर सांस्कृतिक देवाणघेवाण, अभ्यासभेट अशा बिगर-व्यापारी कारणांसाठी 'एफ' व्हिसा. समाधीला भेट, तिथल्या डॉक्टरांशी संवाद, शाळेत छोटा कार्यक्रम असा बेत असेल तर 'एफ'च मागा. त्याला तिकडच्या संस्थेचं निमंत्रणपत्र लागतं आणि अर्ज बहुतेक या पत्रावरच तरतो किंवा बुडतो. पत्रात प्रत्येक पाहुण्याचं नाव, लिंग, जन्मतारीख, येण्या-जाण्याच्या तारखा, भेटीची ठिकाणं, दोन्ही पक्षांचं नातं, खर्च कोण करणार, आणि बोलावणाऱ्या संस्थेचं नाव, पत्ता, दूरध्वनी, शिक्का, सही एवढं सगळं हवं. शिज्याझुआंगमध्ये कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाचं बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय आहे, त्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख म्हणून डॉ. कोटणीसांनी १९४१ पासून काम पाहिलं. तांग परगण्यात बेथ्यून आणि कोटणीस यांचं संयुक्त स्मारक आहे. सोलापूरचं एखादं वैद्यकीय महाविद्यालय किंवा डॉक्टरांची संघटना अशा संस्थांशी पत्रव्यवहार करू शकते. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून किमान सहा महिने आधी पहिलं पत्र टाका.

बाकी कागद असे: सहा महिन्यांची मुदत आणि दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट, ऑनलाईन भरलेला अर्ज, पांढऱ्या पार्श्वभूमीचा ३३ बाय ४८ मिलिमीटरचा फोटो, तिकिटं आणि मुक्कामाचा तपशील, बँकेचं विवरण. फोटो स्टुडिओत हे माप आधी सांगा, नेहमीचा पासपोर्ट फोटो चालत नाही.

कैलास मानसरोवर

सिद्धरामेश्वरांच्या गावात या यात्रेबद्दल विचारणा होणारच. पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी उत्तराखंडातल्या लिपुलेखमार्गे ५० जणांच्या पाच तुकड्या आणि सिक्कीममधल्या नाथु ला मार्गे दहा तुकड्या, असे एकूण ७५० यात्रेकरू ठरले होते. परराष्ट्र मंत्रालयाच्या यात्रा संकेतस्थळावर अर्ज भरायचा, निवड संगणकीय सोडतीने होते. एका अर्जात दोघांना एकत्र नाव घालता येतं.

पात्रता कडक आहे. त्या वर्षीच्या १ जानेवारीला वय १८ ते ७० च्या दरम्यान, १ सप्टेंबरला पासपोर्टची सहा महिने मुदत शिल्लक आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २५ किंवा कमी. उंची १६५ सेंटिमीटर असेल तर वजन ६८ किलोच्या आत हवं. निवड झाली तरी दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते आणि तिथून माणसं परत पाठवली जातात. त्यामुळे अर्ज भरल्या दिवसापासून पहाटे चालायला लागा. दिल्लीला जाताना नोटरी केलेलं बंधपत्र, आणीबाणीत हेलिकॉप्टरने हलवण्याचं हमीपत्र आणि चीनच्या हद्दीत मृत्यू आल्यास तिथेच अंत्यसंस्काराला संमती देणारं पत्र न्यावं लागतं. हे शेवटचं पत्र घरच्यांसमोर बसून, समजावून सांगून भरा.

पाकिस्तानचा बेत सध्या आखू नका. धर्मस्थळांच्या भेटींसाठी १९७४ चा करार आहे. शिखांच्या करतारपूर गुरुद्वाऱ्याला जाणाऱ्या, २०१९ मध्ये उघडलेल्या मार्गिकेने पासपोर्टवर, व्हिसाशिवाय, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येत होतं. मे २०२५ मध्ये ती आपल्या बाजूने बंद झाली. मनापासून वाईट वाटतं, कारण सामान्य माणसाला तिकडच्या माणसाशी दोन शब्द बोलता येतील अशी ती मोजक्या जागांपैकी एक होती.

सरकारी नोकर आणि संस्थांसाठी

तिकडची संस्था राहण्या-जेवण्याचा किंवा प्रवासाचा खर्च करणार असेल तर २०१० च्या परदेशी अंशदान कायद्याचं कलम ६ लागू होतं. सरकारी कर्मचारी, सरकारी महामंडळांचे कर्मचारी, आमदार-खासदार, न्यायाधीश, राजकीय पक्षांचे पदाधिकारी यांना असं आदरातिथ्य घेण्याआधी केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी लागते. अर्ज एफसी-२ नमुन्यात ऑनलाईन, निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी; सोबत निमंत्रणपत्र आणि आपल्या विभागाची मंजुरी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी स्वखर्चाने जायचं असलं तरी परदेश प्रवासाची पूर्वपरवानगी कार्यालयामार्फत घ्यावी.

मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल तर परदेशातला खर्च संस्थेच्या खात्यातून करण्याआधी सनदी लेखापालांना विचारा, त्यावर आयकर सवलत आपोआप मिळत नाही. सहल कंपनीकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे कंपनीने पैसे घेतानाच वसूल केलेला कर, कापला जातो. पॅन दिलेला असेल तर विवरणपत्रात त्याची वजावट मिळते.

त्यांना इकडे बोलवा

एकतर्फी दौऱ्याला मी अर्धाच दौरा मानतो. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला तिकडचे पाहुणे यावेत आणि हॉटेलऐवजी आपल्या घरी उतरावेत. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना भारताचा व्हिसा लागत नाही. चिनी नागरिकांना पर्यटक व्हिसा देणं भारताने जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुरू केलं. घरी परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची नोंद परदेशी नागरिक नोंदणीच्या संकेतस्थळावर करणं यजमानाचं काम आहे, मग ते लॉज असो की राहतं घर. त्यासाठी यजमानाने स्वतःचं खातं आधीच उघडून ठेवावं. पाहुण्याच्या पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा आणि प्रवेशाच्या शिक्क्याचं पान यांची छायाचित्रं पाहुणा दारात आल्याबरोबर काढून घ्यावीत आणि नोंदीची प्रत जपून ठेवावी.