पोटाच्या सोनोग्राफीआधी अर्धा कप चहासुद्धा का नको?

"खाल्लं काहीच नाही, नुसता अर्धा कप चहा घेतलाय." आमच्या काउंटरवर हे रोज ऐकू येतं, आणि बहुतेकदा त्या पेशंटला दुसऱ्या दिवशी यायला सांगावं लागतं. लांबून एसटीने आलेल्या माणसाला परत पाठवणं आमच्याही जिवावर येतं. म्हणून कारण सांगून ठेवतो.

पित्ताशय म्हणजे यकृताखालची छोटी पिशवी. उपाशीपोटी तिच्यात साधारण ३० ते ५० मिलिलिटर पित्त साठतं, ती फुगते आणि आतला बारीक खडाही पडद्यावर उठून दिसतो. दुधातली स्निग्धता आणि प्रथिनं लहान आतड्याच्या तोंडाशी पोचली, की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. १९२८ साली आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी ते शोधलं. ग्रीक शब्दांवरून केलेल्या या नावाचा अर्थच 'पित्ताची पिशवी हलवणारं'. ते पोचलं की पित्ताशय आकसतं, पित्त आतड्यात उतरतं, स्वादुपिंड पाचकरस सोडतं, जठर सावकाश रिकामं होऊ लागतं आणि पोट भरल्याची वर्दी मेंदूला जाते. पचनासाठी हे उत्तमच, पण आम्हाला मात्र आकसलेली पिशवी दिसते. तिची भिंत उगाच जाड भासते, खडा नजरेतून निसटू शकतो.

काळी कॉफीही नको. तिनेही हे संप्रेरक वाढतं. साधं पाणी चालतं.

"दुसरीकडे चहा पिऊन गेलो तरी करून दिली," असं काहीजण म्हणतात. करून आम्हीही देऊ, पण रिपोर्टवर 'पित्ताशय आकसलेलं, नीट पाहता आलं नाही' असं लिहावं लागेल आणि तुमचे डॉक्टर पुन्हा पाठवतील. पैसे दोनदा तुमचेच जातील. पोटात असह्य दुखत असेल तर मात्र उपाशी राहण्याची वाट पाहू नका, लगेच या.

रात्रीचं जेवण हलकं, कमी तेलातुपाचं घ्या आणि त्यानंतर आठ तास काही खाऊ नका. पित्ताशय काढलेलं असलं तरी उपाशीच या, कारण जेवल्यावर पोटातल्या वायूमुळे स्वादुपिंड झाकलं जातं. मधुमेह असल्यास इन्सुलिन किंवा गोळी घेऊन उपाशी राहू नका. डोस आधी डॉक्टरांना विचारा आणि नंबर लावतानाच आम्हाला सांगा. अशा पेशंटना आम्ही सकाळी सर्वांत आधी घेतो.

चुकून चहा झालाच, तर निघण्याआधी फोन करा. तारीख बदलण्याचे आम्ही पैसे घेत नाही. आणि तपासणी झाल्यावरचा चहा आमच्याकडे, दूध घालून.