लोकोपयोगी सेवांमधील तंत्रज्ञानबदल

वीज, पाणी आणि इंधनवायू घरोघरी पोहोचवणाऱ्या यंत्रणांना लोकोपयोगी सेवा म्हणतात. त्यांच्या वाहिन्या आणि रोहित्रे कित्येक दशके टिकतात, पण ती चालवणारी संगणकप्रणाली त्याआधीच जुनी होते. या क्षेत्रातील पुष्कळशा अडचणी याच विसंगतीतून उद्भवतात.

सर्वांत खोल बदल वीजजाळ्यात होत आहे. पुरवठा आणि मागणी क्षणोक्षणी जुळती ठेवावी लागते आणि ती जुळली आहे की नाही हे वारंवारतेवरून, म्हणजे वीजप्रवाहाची दर सेकंदाला किती आवर्तने होतात यावरून, कळते. ती देशपरत्वे 50 किंवा 60 हर्ट्झ असते. औष्णिक व जलविद्युत केंद्रांतील अवजड जनित्रे सतत फिरत असल्यामुळे एखादा संच अचानक बंद पडला तरी त्यांच्या जडत्वाने वारंवारतेची घसरण मंदावते आणि सावरायला काही सेकंद मिळतात. इन्व्हर्टरमार्फत जोडलेल्या सौरसंचांना असे जडत्व नसते. शिवाय छतांवरील सौरसंचांमुळे काही वाहिन्यांतून दुपारी वीज उलट दिशेने वाहते आणि संध्याकाळी मागणी चढू लागते नेमके तेव्हा हे उत्पादन ओसरते. यावर बॅटरीसंच हा एक उपाय आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात 2016 साली राज्यभर वीज गेल्यानंतर 2017 मध्ये हॉर्न्सडेल येथे 100 मेगावॉटचा संच उभारण्यात आला. तो एका सेकंदाच्या आत प्रतिसाद देऊ शकतो.

पाणीपुरवठ्यात भर गळती शोधण्यावर आहे. वापर अत्यल्प असतो अशा उत्तररात्री एखाद्या विभागाकडे जाणारा प्रवाह मोजला, तर त्यातला बराचसा भाग गळतीचाच असतो. नेमकी जागा मग ध्वनिसंवेदकांनी हुडकतात.

स्मार्ट मीटरमुळे दर काही मिनिटांचा वापर कळतो, परंतु घर रिकामे केव्हा असते हेही त्यातून उघड होते, म्हणून या नोंदींची गोपनीयता काटेकोरपणे जपली पाहिजे.

दूरनियंत्रणाचा धोका युक्रेनमध्ये 23 डिसेंबर 2015 रोजीच्या सायबर हल्ल्यात प्रत्यक्ष दिसला. नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला आणि उपकेंद्रांतील ब्रेकर, म्हणजे वीजप्रवाह जोडणारी-तोडणारी साधने, एकामागून एक उघडत जाऊन प्रवाह तुटत गेला. तीन वितरण कंपन्यांच्या सुमारे 2,25,000 ग्राहकांची वीज गेली. ती काही तासांतच परत आली, कारण कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन ब्रेकर हातांनी जोडले. पूर्ण स्वयंचलित जाळ्यांत हा पर्याय शाबूत ठेवणे आणि अनुभवी तंत्रज्ञ निवृत्त होण्यापूर्वी नव्यांना त्याचा सराव देणे ही चैनीची बाब मानता येत नाही.