ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला का?

समुद्रघोडा घरी पाळायचा विचार असेल तर तो सोडून द्या. २००१ पासून तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे कुणी आडून देऊ केला तरी घ्यायचा नाही. पण त्याच्याबाबत विचारला जाणारा प्रश्न क्लाउनफिशलाही (नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा समुद्री मासा) लागू पडतो: टँकमध्ये हॅचरीत, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रात, जन्मलेली जोडी आहे, तिच्यात समुद्रातून पकडलेला मासा सोडला तर चालेल का?

आजाराच्या दृष्टीने चालेल, पण आणल्या दिवशी नाही. कारण पुढे हमखास काय होतं ते पाहा. चार-पाच दिवसांत नव्या माशाच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके येतात. गोड्या पाण्याचे मासे पाळणारा मित्र हीटर ३० अंशांवर न्यायला सांगतो. ठिपके जातात. आणि दोन-तीन आठवड्यांनी हॅचरीची जोडी धापा टाकू लागते.

हा क्रिप्टोकॅरिऑन नावाचा एकपेशीय परजीवी. गोड्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांचा जीव वेगळा, तो उष्णतेने मरतो. हा उष्ण समुद्रातलाच, ३० अंशांचं त्याला काय! ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून खाणारा जीव. तीन ते सात दिवसांत पोट भरलं की तो आपणहून, बहुधा अंधारात, मासा सोडतो. म्हणजे ठिपके गेले ते हीटरमुळे नाही, त्याचं जेवण झालं म्हणून. मग तो वाळूला, दगडाला, काचेला चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. एका कवचातून दोनशेपर्यंत पिल्लं सुटू शकतात. ती एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. कवच फुटायला सहसा ३ ते २८ दिवस लागतात, पण ७२ दिवसांचीही नोंद आहे. तांब्याचं औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. कातडीखालच्याला आणि कवचातल्याला ते पोचतच नाही.

समुद्रातला मासा याच्याशी आधी झुंजलेला असू शकतो. थोडी प्रतिकारशक्ती आलेली, कल्ल्यांत दोन-चार परजीवी, वरून ठणठणीत. हॅचरीतल्या माशाची याच्याशी बहुधा कधी गाठच पडलेली नसते. म्हणून आजार आणणारा जगतो आणि घरचे मरतात. मासा मेला की ‘घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं’ म्हणणारे वास्तुवाले भेटतातच. संकट पिशवीतून आलेलं असतं, आणि टँक ईशान्येला हलवून ते जात नाही.

उपाय कवचाच्या वेळापत्रकातच आहे. ४० लिटरचे दोन प्लास्टिकचे टब घ्या. वाळू नाही, दगड नाही. लपायला पीव्हीसी पाइपचा वाकडा जोड (एल्बो), हीटर आणि हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन, प्रत्येक टबाचे वेगळे. नवा मासा दर ७२ तासांच्या आत, सकाळी दिवा लावण्याआधी, दुसऱ्या टबात हलवा. सोबत जुनं पाणी जवळजवळ नको. पहिल्या दिवशी सुरुवात, मग चौथ्या, सातव्या, दहाव्या, तेराव्या दिवशी बदल. गळून पडलेली कवचं फुटण्याआधीच मासा पुढे गेलेला असतो. रिकामा टब ब्लीचने धुऊन पूर्ण सुकवा. ओला राहिला तर सगळी मेहनत वाया. फिल्टर नसल्याने अमोनिया चढतो, म्हणून खाणं बेताचं द्या आणि रोज किटने तपासा.

नव्या टबाचं पाणी आदल्या दिवशी करून ठेवा: लिटरला साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ, घनता १.०२५, तापमान जुन्या टबाइतकंच. खाण्याचं आयोडीनचं मीठ नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि घरच्या आरओमध्ये बऱ्याचदा क्षार परत मिसळलेले असतात, म्हणून उरलेले क्षार काढणारं डीआय कार्ट्रिज लावून गाळलेलंच पाणी वापरा. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा टब सहज ३१-३२ अंशांवर जातो. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी, आणि कल्ले आधीच पोखरलेले. त्यात वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअरपंप हाताशी हवाच.

मुख्य टँकमध्ये ठिपके दिसून गेले असतील तर सगळेच मासे टबांत काढा आणि टँक ७६ दिवस माशांविना चालू ठेवा. प्रवाळ, गोगलगायी आत राहू द्या. मात्र या काळात नवी गोगलगाय आणलीत तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा, कारण शंखावर कवचं चिकटून येतात.

एक अपवाद. पकडून आणलेल्या क्लाउनफिशच्या अंगावर ठिपक्यांऐवजी चिकट पांढरी साय दिसली तर तो ब्रुकलिनेला नावाचा दुसरा परजीवी. तो माशाच्या अंगावरच विभागतो, त्यामुळे टब बदलून काही होत नाही. त्यासाठी माशाला फॉर्मॅलिनची (फॉर्माल्डिहाइडच्या द्रावणाची) मोजून अंघोळ लागते, तीही त्याच दिवशी.